छेदात कोण आहे? दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर संशोधन करायचं असेल तर

"या शाळांमधली ६० टक्के दिव्यांग मुलं इयत्तेला साजेसं वाचतात." अहवालात असं वाक्य आलं की बहुतेकांची नजर ६० वर जाते. या क्षेत्रात काम करणाऱ्याची नजर आधी छेदाकडे जायला हवी. शंभरांत कोणाला धरलं? कधीच शाळेत न आलेली मुलगी त्यात आहे का? "उद्या चाचणी आहे, याला नाही पाठवलं तरी चालेल" असं ज्याच्या घरी सांगितलं गेलं, तो मुलगा? ज्याला प्रश्न ऐकूच आला नाही, त्याला अनुत्तीर्ण धरलं, गैरहजर धरलं की यादीतूनच काढलं? या निर्णयांवर ६० चे ४० होतात किंवा ७५ होतात. हे निर्णय काटेकोरपणे घेणं आणि उघडपणे लिहून ठेवणं, हाच या करिअरचा गाभा आहे.

कामाची गरज मोठी आहे. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २४ कोटी मुलं अपंगत्वासह जगतात, म्हणजे दर दहा मुलांमागे एक. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम २४ शिक्षणाबद्दल आहे आणि कलम ३१ माहिती व आकडेवारी गोळा करण्याबद्दल. करार मान्य केलेल्या देशांना ही माहिती द्यावी लागते, आणि ती नीट गोळा करू शकणारी माणसं कमी पडतात. संख्याशास्त्र येणाऱ्यांना अपंगत्वाची ओळख नसते, आणि विशेष शिक्षणातल्या जाणकारांना आकड्यांची धास्ती वाटते. दोन्ही येणाऱ्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

तयारी: दोन्ही पाय जमिनीवर हवेत

या कामाची अशी एकच पदवी नाही. विशेष शिक्षण, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक धोरण, वाचा-श्रवण उपचार, यांतल्या कुठल्याही दारातून माणसं आत येतात. विद्यापीठात स्वतंत्र संशोधन करायचं असेल तर पीएच.डी. लागते. सरकारी मूल्यमापन विभाग, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संस्था किंवा चाचण्या तयार करणाऱ्या संस्था यांच्यात पदव्युत्तर पदवी आणि दाखवण्याजोगं काम एवढ्यावर सुरुवात होते.

संख्याशास्त्रात शिकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नमुना निवड आणि वजनं (नमुन्यातलं एक मूल किती मुलांच्या जागी धरायचं ते), मग रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध बाकीच्या गोष्टी धरून मोजणं), त्यानंतर गहाळ माहिती कशी हाताळायची ते, आणि मग शाळा-वर्ग-मूल अशा थरांसाठीची बहुस्तरीय मॉडेल. चाचण्यांवर काम करायचं असेल तर आयटम रिस्पॉन्स थिअरी, म्हणजे प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता एकाच पट्टीवर मोजण्याची रीत, हवीच. अनेकजण उलट करतात: आधी मॉडेल शिकतात आणि वजनं "नंतर बघू" म्हणतात. या क्षेत्रात नमुने लहान आणि असमान असतात, त्यामुळे वजनं चुकली की पुढचं सगळं चुकतं. सॉफ्टवेअरमध्ये आर फुकट आहे आणि पुरेसं आहे. स्टाटा किंवा एसपीएसएस नोकरीच्या ठिकाणी मिळालं तर तेव्हा शिका. संशोधक स्वतः दृष्टिहीन असेल तर आर आणखी सोयीचं पडतं. त्याचं काम लिखित आज्ञांवर चालतं, त्यामुळे स्क्रीन रीडर त्याच्याबरोबर नीट चालतो, आणि आलेख शब्दांत वाचून दाखवणारं ब्रेलआर नावाचं पॅकेजही त्यासाठी उपलब्ध आहे.

दुसरा पाय म्हणजे किमान एका अपंगत्वाची जवळून ओळख. कर्णबधिर मुलांवर काम करणार असाल तर सांकेतिक भाषा शिका. दुभाष्याशिवाय मुलाखत घेण्याइतकी यायला काही वर्षं जातात, पण दुभाष्याच्या मधून काय गळतंय हे कळण्याइतकी त्याआधीच येते. ब्रेल बोटांनी वाचायला खूप सराव लागतो. डोळ्यांनी ओळखायला मात्र काही आठवडे पुरतात, आणि ब्रेल प्रश्नपत्रिकेतली छपाईची चूक पकडायला तेवढं बस्स होतं.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांत उतरायचं असेल तर किमान एक सत्र वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण करा. नुसतं बघू नका, नोंद करा. सोपी रीत अशी: एका मुलाकडे दर ३० सेकंदांनी एकदा बघायचं आणि त्या क्षणी ते काय करतंय याची खूण करायची. वर्गाच्या कामात गुंतलंय, वाट बघत बसलंय, मदतनीसाबरोबर वेगळंच काही करतंय, की वर्गाबाहेर आहे. २० मिनिटांत ४० नोंदी होतात. पाच दिवसांच्या २०० नोंदी समोर ठेवल्या की "मूल सर्वसाधारण वर्गात आहे" आणि "मूल सर्वसाधारण वर्गात शिकतंय" यांतलं अंतर आकड्यांत दिसतं. समावेशक शिक्षणावरचे बरेच अभ्यास पटनोंदणीपाशीच थांबतात. तुमचा तिथे थांबू नये, म्हणून ही सवय आधीच लावून घ्या.

कोणाला मोजायचं

अपंगत्व किती मुलांना आहे, हे प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारलं की आकडा खूप खाली येतो. हा शब्द अनेक घरांत लाजेचा असतो, आणि जिथे लाज नाही तिथे तो फक्त ठळक, दिसणाऱ्या अपंगत्वालाच लागू होतो. म्हणून अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करायची हे ठरवणाऱ्या वॉशिंग्टन गट या संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रीय गटाची पद्धत अपंगत्वाचं नावच घेत नाही. काम करताना किती अडचण येते, एवढंच विचारते. प्रौढांसाठी त्यांचा सहा प्रश्नांचा छोटा संच आहे. तो मुलांना लावू नका, कारण शिकण्यातल्या, वागण्यातल्या आणि भावनिक अडचणी त्यातून निसटतात. मुलांसाठी युनिसेफ आणि वॉशिंग्टन गट यांनी २०१६ मध्ये स्वतंत्र प्रश्नसंच आणला. २ ते ४ वयासाठी आठ क्षेत्रं, ५ ते १७ साठी तेरा: बघणं, ऐकणं, चालणं, स्वतःची कामं, बोललेलं इतरांना समजणं, शिकणं, लक्षात ठेवणं, एकाग्रता, बदल स्वीकारणं, वागण्यावर ताबा, मैत्री, चिंता आणि उदासी. दोन वर्षांखालच्या मुलांना तो लागू नाही.

हा संच घरात कसा चालतो ते जवळून बघण्यासारखं आहे. उत्तरं आईने किंवा मुलाचा सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने द्यायची असतात. पहिला प्रश्न चष्म्याचा: मूल चष्मा लावतं का? हो म्हटलं तर पुढचा प्रश्न "चष्मा लावल्यावर बघायला अडचण येते का?" आणि नाही म्हटलं तर "बघायला अडचण येते का?" सर्वेक्षक इथे पहिली चूक करतो. चष्मा दिसला की तो "अडचण आहे" अशी खूण करून मोकळा होतो. चष्म्याने अडचण दूर होत असेल तर उत्तर "अडचण नाही" असंच यायला हवं.

उत्तराचे पर्याय चार: अजिबात अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. ते चारही दर वेळी पूर्ण वाचायचे असतात. पाच-सहा प्रश्नांनंतर सर्वेक्षक कंटाळतो आणि "अडचण आहे का, नाही ना?" असं विचारू लागतो. तिथे सगळी माहिती वाया जाते. चालण्याचा प्रश्न १०० मीटर आणि मग ५०० मीटर अशा अंतरांत येतो. मीटर सांगून कोणाच्या डोळ्यांसमोर अंतर उभं राहत नाही, म्हणून प्रशिक्षणातच त्या-त्या ठिकाणची खूण ठरवा आणि सगळ्यांनी तीच वापरा. शिकण्याच्या प्रश्नात "त्याच वयाच्या मुलांच्या तुलनेत" हे शब्द असतात. ते गाळले की आई त्याची तुलना मोठ्या भावाशी करते. चिंता आणि उदासीच्या प्रश्नांत मोजपट्टी बदलते. तिथे किती वेळा ते विचारायचं असतं: रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षातून काही वेळा, कधीच नाही. टॅबवरच्या अर्जात हे दोन प्रश्न वेगळ्या पडद्यावर ठेवा, नाहीतर जुनेच पर्याय वाचले जातात.

बहुतेक क्षेत्रांत "खूप अडचण" किंवा त्यापुढचं उत्तर आलं तर मूल अपंगत्वाच्या गटात धरतात, आणि चिंता व उदासीसाठी "रोज". रेषा "थोडी अडचण"वर ओढली तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून अहवालात दोन गोष्टी नेहमी द्या: रेषा कुठे ओढली ते, आणि चिंता-उदासी धरून व वगळून असे दोन्ही आकडे. मोठ्या मुलांत ही दोन क्षेत्रंच बऱ्याचदा एकूण आकडा वर नेतात. फक्त चिंता-उदासीमुळे गटात आलेल्या मुलांची सरासरी दृष्टिहीन मुलांच्या सरासरीत मिसळली की दोघांपैकी कोणाचंच चित्र खरं उतरत नाही.

हा संच निदान करत नाही, हे पालकांना, शिक्षकांना आणि स्वतःला बजावत राहा. त्यावरून कुठल्याही एका मुलाला प्रमाणपत्र देता येत नाही की नाकारता येत नाही.

शाळांकडून आलेली यादी वापरताना

तयार सरकारी आकडेवारी मोहात पाडते: वर्षानुवर्षांची, लाखो मुलांची, फुकट. पण शाळेच्या यादीत मूल "दिव्यांग" म्हणून येतं ते कोणीतरी तसं नोंदवल्यावर, आणि नोंदवणाऱ्याला नियम असतात, निधी असतो, कधी दडपणही असतं.

भारतात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. ही सीमा ओलांडणारा आलेख काढला तर अपंगत्व वाढल्याचा भास होतो. इंग्लंडमध्ये २०१० मध्ये सुमारे २१ टक्के विद्यार्थ्यांची विशेष शैक्षणिक गरजा असलेले म्हणून नोंद होती. २०१६ पर्यंत ती १४ टक्क्यांच्या आसपास आली. मधल्या काळात, २०१४ मध्ये, नोंदीचे दोन स्तर मिळून एकच स्तर झाला होता. अमेरिकेत टेक्सास राज्याने २००४ मध्ये विशेष शिक्षण घेणाऱ्यांचं प्रमाण ८.५ टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्ट शाळा जिल्ह्यांसमोर ठेवलं. प्रमाण खरोखर तिथपर्यंत उतरलं. २०१६ मध्ये वृत्तपत्रांतून हे प्रकरण बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी ती मर्यादा काढली गेली. मुलांच्या गरजा कमी झाल्या नव्हत्या, मदत बंद झाली होती. पुढच्या संशोधनात दिसलं की मदत गमावलेल्या विद्यार्थ्यांचं शालेय शिक्षण पूर्ण करण्याचं प्रमाण घसरलं.

म्हणून कुठलीही मालिका हातात आली की विश्लेषणाआधी एक कालपट तयार करा. एका रांगेत वर्षं, खाली त्या-त्या वर्षीची व्याख्या, अर्जाचा नमुना, निधीचा नियम आणि नोंद करणारी व्यक्ती. अर्ज बदलला त्या वर्षी रेषा तोडा. दोन दिवसांचं काम आहे, पण सहा महिन्यांनी येणारी नामुष्की टळते.

आणि शाळेची यादी कितीही चांगली असली तरी शाळेबाहेरचं मूल त्यात नसतं. फक्त शाळेत सर्वेक्षण केलं तर ज्यांना शाळेने कधी घेतलंच नाही, तीच मुलं गळतात. मग "शाळेतली दिव्यांग मुलं बरी शिकतात" हे वाक्य खरं असूनही फसवं ठरतं.

शिकणं मोजायचं, अपंगत्व नव्हे

कुठल्याही चाचणीसमोर एकच प्रश्न ठेवा: हा गुण कमी आला तो न शिकल्यामुळे, की चाचणी मुलापर्यंत पोहोचलीच नाही म्हणून?

एका मिनिटात किती शब्द वाचले, ही प्राथमिक वाचनाची नेहमीची चाचणी घ्या. अल्पदृष्टी असलेल्या मुलीसमोर नेहमीचा कागद ठेवला. अक्षरं बारीक, कागद चकचकीत, खिडकी समोर. ती कागद डोळ्यांजवळ नेते, मान तिरकी करते, ओळ हरवते, पुन्हा शोधते. मिनिट संपतं तेव्हा अकरा शब्द झालेले असतात. या अकरात तिचं वाचन किती आणि उजेड किती? त्याच मुलीला १८ पॉइंट किंवा त्याहून मोठी छपाई, चमक नसलेला कागद, मागून येणारा उजेड, कागद उभा धरायला फळी आणि ओळीखाली धरायला पट्टी द्या, मग मोजा. ब्रेलमध्ये तर वेगाची तुलनाच टाळा. सराईत माणूसही ब्रेल छपाईच्या निम्म्या वेगाच्या आसपास वाचतो, त्यामुळे डोळसांसाठी ठरवलेली शब्द-प्रति-मिनिट पातळी त्याला लावणं चूक आहे. तिथे अचूकता आणि आकलन मोजा, आणि वेळेचं बंधन काढा किंवा दीडपट-दुप्पट करा.

इथे सोय आणि सूट यांतला फरक पक्का करून घ्या. सोय म्हणजे जे मोजायचं आहे ते तसंच ठेवून मधला अडथळा काढणं. सूट म्हणजे जे मोजायचं आहे तेच हलकं करणं. गणिताचा शाब्दिक प्रश्न मुलाला वाचून दाखवला तर ती सोय. वाचनाच्या चाचणीत उतारा वाचून दाखवला तर ती सूट, कारण आता श्रवण मोजलं जातंय. लेखनिक निबंधात सोय आहे, शुद्धलेखनाच्या चाचणीत सूट. प्रत्येक प्रश्नासमोर आधीच लिहून ठेवा की तो काय मोजतो आणि त्यात कुठली सोय चालेल. चाचणीच्या दिवशी शिक्षकावर सोडलं तर दहा ठिकाणी दहा रीती होतात. कुठल्या मुलाला कुठली सोय दिली याचीही रकाना करून नोंद ठेवा, नाहीतर विश्लेषणात तिचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत सर्वात मोठी चूक अनुवादाची होते. प्रश्नपत्रिका शब्दशः खुणांत सांगितली की काही वेळा खूणच उत्तर सांगून जाते, उदाहरणार्थ आकाराची खूण हातानेच तो आकार दाखवते. कर्णबधिर प्रौढ व्यक्तीकडून प्रश्न खुणांत बसवून घ्या, त्याचा एकच व्हिडिओ सगळीकडे वापरा आणि दुसऱ्या कर्णबधिर व्यक्तीकडून त्यावरून प्रश्न पुन्हा लेखी भाषेत लिहून घ्या, म्हणजे अर्थ बदलला का ते कळतं. ध्वनी ओळखण्याचे प्रश्न या मुलांसाठी काढूनच टाका. तिथे शून्य देऊन सरासरी काढणं अन्यायाचं आहे.

ज्या मुलांचे सगळे प्रश्न चुकतात त्यांच्याबद्दल त्या चाचणीने काहीच सांगितलेलं नसतं. नमुन्यात बरीच शून्यं दिसली तर खालच्या पातळीचे प्रश्न वाढवा: चित्र ओळखणं, दोनांतून निवडणं, नजरेने किंवा बोटाने दाखवणं. सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल बोलू शकत नसेल पण डोळ्यांनी निवडू शकत असेल, तर पर्याय कागदाच्या चार कोपऱ्यांत दूर-दूर ठेवा आणि उत्तरासाठी किमान दहा-पंधरा सेकंद थांबा. घाईत "उत्तर नाही" अशी खूण होते आणि ते मूल कायमचं शून्यात जमा होतं.

एकाच मापात न बसणाऱ्या मुलांसाठी उद्दिष्टपूर्तीची पाच पायऱ्यांची पट्टी उपयोगी पडते. १९६८ पासून ती वापरात आहे: अपेक्षित प्रगती शून्यावर, त्याहून कमी उणे एक आणि उणे दोन, जास्त अधिक एक आणि अधिक दोन. अट एकच: पाचही पायऱ्या सुरुवातीलाच आणि बघता-मोजता येतील अशा शब्दांत लिहायच्या. "स्वतंत्र होईल" ही पायरी नव्हे. "पाच दिवसांपैकी तीन दिवस कोणी न सांगता दप्तर भरतो" ही पायरी. उद्दिष्ट लिहिणाऱ्यानेच शेवटी गुण दिले तर पट्टी फुगते, म्हणून गुण दुसऱ्याकडून घ्या.

मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे आकडे वापरताना त्यांची वगळण्याची मर्यादा वाचा. पिसासारख्या (१५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची अनेक देशांत होणारी) चाचणीत लक्ष्य गटातले पाच टक्क्यांपर्यंत विद्यार्थी वगळण्याची मुभा असते, आणि वगळले जातात त्यांत अपंगत्व असलेली मुलंच मोठ्या प्रमाणात असतात.

गुणांच्या पलीकडेही निष्पत्ती आहेत: हजेरी, टिकून राहणं, पुढच्या टप्प्यात जाणं, शाळेनंतरचं काम, मैत्री. अमेरिकेत २००० साली १३ ते १६ वयाच्या, विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचा एक अभ्यास सुरू झाला आणि त्यांचा दहा वर्षं माग काढला गेला. असे लांब पल्ल्याचे अभ्यास थोडे आहेत. तुमच्या हाताखाली सुरू होत असेल तर पहिल्याच भेटीत कुटुंबाचे तीन वेगवेगळे संपर्क घ्या, कारण दुसऱ्या वर्षी पहिला नंबर बऱ्याचदा बंद असतो.

तुलना कोणाशी

विशेष शाळेतल्या मुलांचे गुण सर्वसाधारण शाळेतल्या दिव्यांग मुलांपेक्षा कमी आले, तर विशेष शाळा वाईट असं ठरत नाही. कोण कुठे जातं हे अपंगत्वाची तीव्रता, घरची परिस्थिती आणि शाळेची तयारी यांवर ठरतं. शाळेचा परिणाम आणि मुलांच्या निवडीचा परिणाम वेगळा काढणं हे या क्षेत्रातलं सर्वात अवघड काम आहे. २०२२ च्या एका मोठ्या पद्धतशीर आढाव्यात सर्वसाधारण वर्गात शिकण्याचा सरासरी परिणाम ना फायद्याचा ना तोट्याचा असा निघाला. त्याचा अर्थ समावेशन व्यर्थ असा कोणी लावला तर तो आढाव्याचा चुकीचा अर्थ. वर्गात नेमकी कोणती मदत मिळाली यावर बरंच अवलंबून असतं, आणि शिक्षणाचा हक्क सरासरीवर ठरत नाही.

निवडीचा प्रश्न सोडवायला नियमातला अचानक बदल शोधा. टेक्सासची मर्यादा तशीच होती: कोणाची मदत गेली हे मुलाच्या तीव्रतेवर नव्हे, तर त्याचा जिल्हा उद्दिष्टापासून किती दूर होता यावर बरंच ठरलं. असं काही नसेल तर नुसत्या आधी-नंतरच्या तुलनेवर विसंबू नका. मुलाला मदतीसाठी पाठवतात ते बहुधा त्याच्या सर्वात वाईट काळात. त्यानंतर काही न करताही थोडी सुधारणा दिसतेच.

नमुन्याचा हिशोब हातानेच एकदा करून बघा. दोन गटांत ०.३ प्रमाण विचलनाचा (गुण किती पसरलेले आहेत याच्या मापाचा) फरक, खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के आणि नसताना दिसण्याची पाच टक्के धरून पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण १७५ मुलं लागतात. पण मुलं शाळांत गुंफलेली असतात. एका शाळेत चार मुलं आणि शाळांतर्गत साम्य (एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.१५ धरलं तर १७५ ला १ + (४ − १) × ०.१५, म्हणजे १.४५ ने गुणा: २५४ मुलं, म्हणजे प्रत्येक गटात ६४ शाळा. आणि दर शंभरांत एकाच मुलाला असणारी अडचण हवी असेल तर अशी १०० मुलं मिळवायला दहा हजार मुलांची चाळणी करावी लागते. म्हणून दोन टप्पे करा: आधी छोट्या प्रश्नांनी मोठी चाळणी, मग सापडलेल्या सगळ्यांना आणि बाकीच्यांतल्या काहींना सविस्तर चाचणी, आणि शेवटी वजनं. सापडलेल्यांनाच दुसऱ्या टप्प्यात घेतलं तर चाळणीतून कोण निसटलं ते कधीच कळत नाही.

मुलं फारच कमी असतील तर एकल-प्रकरण रचना वापरा, म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या पातळीशी. समजा न बोलणाऱ्या तीन मुलांसाठी चित्रकार्डांची संवादपद्धत तपासायची आहे. तिघांची मूळ पातळी एकाच वेळी मोजायला घ्या. पहिल्याला कार्डं सहाव्या सत्रापासून द्या, दुसऱ्याला अकराव्यापासून, तिसऱ्याला सोळाव्यापासून. प्रत्येकाची रेषा त्याला कार्डं मिळाल्यावरच वर गेली आणि बाकीच्यांची सपाट राहिली, तर परिणाम कार्डांचा म्हणता येतो. प्रत्येक टप्प्यात किमान पाच मोजण्या घ्या. किमान २० टक्के सत्रांत दुसरा निरीक्षक स्वतंत्र मोजेल असं बघा, आणि दोघांची जुळणी ८० टक्क्यांखाली गेली तर व्याख्या सुधारून पुन्हा सुरू करा. पहिल्याची प्रगती बघून शिक्षिकेने दुसऱ्याला लवकर कार्डं दिली की सगळी रचना कोसळते. तिला तारखा लेखी द्या आणि कारणही समजावून सांगा, कारण तिने ते मुलाच्या भल्यासाठीच केलेलं असतं.

संमती आणि गोपनीयता

पालकांची संमती पुरेशी नाही, मुलाची तयारीही लागते. ती शब्दांत मिळाली नाही तर खुणांत वाचा: तोंड फिरवणं, साहित्य ढकलणं, उठून जाणं म्हणजे नकार. मुलाची तयारी प्रत्येक सत्रात नव्याने विचारायची असते. संमतीपत्र सोप्या वाक्यांत, चित्रांत आणि सांकेतिक भाषेच्या व्हिडिओत तयार ठेवा. दुभाषी २०-३० मिनिटांनी थकतात आणि चुका वाढतात, म्हणून दोन तासांच्या बैठकीला दोन दुभाषी धरूनच अंदाजपत्रक करा. मुलाखतीत मारहाण किंवा अत्याचार समोर आला तर कोणाला, किती वेळात कळवायचं हे क्षेत्रभेटीआधी लेखी ठरलेलं हवं.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. "चौथी, मुलगी, बहिरी-अंध, अमुक तालुका" एवढ्यावर कोणीही तिला ओळखेल. तक्त्यातला छोटा आकडा, साधारण दहाखालचा, झाकून टाका. पण बेरजेतून तो परत निघणार नाही हेही तपासा. एका रांगेतला एकच चौकोन झाकला आणि एकूण उघडा ठेवला, की वजाबाकीने तो उघड होतो.

पहिलं काम

नोकरीच्या अर्जाबरोबर दाखवायला प्रमाणपत्रांपेक्षा एक पूर्ण विश्लेषण जास्त उपयोगी पडतं. युनिसेफच्या बहुसूचक सर्वेक्षणाची (एमआयसीएस, घरोघरी होणारं सर्वेक्षण) सहावी फेरी त्यासाठी उत्तम. तिची माहिती नोंदणी करून विनामूल्य मिळते, ५ ते १७ वयाच्या मुलांचा तेरा क्षेत्रांचा प्रश्नसंच तिच्यात आहे, आणि ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी वाचन-गणिताची छोटी चाचणीही आहे. एक देश घ्या आणि एकच प्रश्न विचारा: खूप अडचण असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या वाचनात किती फरक आहे?

तीन ठिकाणी पाय घसरेल. प्रत्येक घरातून चिठ्ठी टाकल्यासारखं एकच मूल निवडलेलं असतं, त्यामुळे मुलांचं वजन न लावता सरासरी काढली तर मोठ्या कुटुंबांतली मुलं कमी मोजली जातात. दुसरं, क्षेत्रनिहाय संख्या तपासा. ऐकण्यात खूप अडचण असलेली मुलं पंधरा-वीसच असतील तर त्यांचा टक्का छापू नका. तिसरं आणि मुख्य, ज्या मुलांची चाचणी अर्धवट राहिली त्यांची कारणं वेगळी काढा. त्यांना "वाचता येत नाही" मध्ये टाकून एकदा आकडा काढा आणि त्यांना पूर्ण बाजूला ठेवून एकदा. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या. दोघांतलं अंतर मोठं असेल तर तेच तुमच्या निष्कर्षाचं पहिलं वाक्य.

विश्लेषणाआधी आराखडा ओएसएफसारख्या खुल्या नोंदवहीत टाका, आज्ञांची फाइल जोडा, आणि मसुदा किमान दोन दिव्यांग प्रौढांना मोबदला देऊन वाचायला द्या. अंतिम अहवाल स्क्रीन रीडरला वाचता येईल असा हवा: शीर्षकांना शीर्षकांची शैली, तक्ते चित्र म्हणून न चिकटवता खरे तक्ते म्हणून, प्रत्येक आलेखाखाली त्याचं शब्दांत वर्णन. पालकांसाठी एक पानाचा वेगळा सारांश करा आणि तो चाचणी घेतलेल्या प्रत्येक घरी पोहोचवा, ज्या मुलांची चाचणी अपुरी राहिली त्यांच्या घरीसुद्धा.